आधी निचरा, मग रस्ता

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे उलटले की वृत्तपत्रांतून रस्त्यांवरील खड्ड्यांच्या बातम्या येऊ लागतात. ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात, नगरपालिकेवर मोर्चे जातात, खडी आणि डांबर टाकून खड्डे बुजविले जातात आणि पुढील वर्षी त्याच जागी तेच खड्डे पुन्हा प्रकट होतात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या क्रमामागे निधीची टंचाई हे एक कारण असतेच. परंतु बहुतेक ठिकाणी त्याहून मोठे कारण वेगळे असते. आपण रस्ता बांधतो, मात्र त्यावर पडणाऱ्या पाण्याचा विचार करीत नाही. गटाराचे काम रस्त्यानंतर हाती घेतले जाते, कधी कधी ते घेतलेच जात नाही.

सातारा जिल्ह्यातील शिरवळसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावांच्या दृष्टीने हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा आहे. नीरा नदी ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात प्रवेश केला की लागणारे हे गाव. पुण्यापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. जुन्या काळी वाटसरूंसाठी बांधलेली दगडी पाणपोई येथे आहे. प्रवासी आणि पाणी यांचा एकत्र विचार करण्याची परंपरा या मातीत किती जुनी आहे, याची ती साक्ष देते. आज परिसरात औद्योगिक वसाहत आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लोणंदकडे आणि भोरकडे जाणारी वाहतूक आहे. वस्ती वाढली, दुकाने वाढली, वाहने वाढली. अशा गावांतील मुख्य रस्ता हा आता गावरस्ता राहिलेला नाही. तो शहराचा रस्ता झाला आहे आणि त्याची बांधणीही त्याच जाणिवेने होणे अगत्याचे आहे.

पाणी हाच पहिला शत्रू

रस्ता वाहनांच्या भाराने खचतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आधुनिक खडीच्या रस्त्याचा जनक मानला जाणारा स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच एक तत्त्व मांडले होते. भार शेवटी पेलते ती खालची नैसर्गिक जमीन, आणि ती कोरडी राहील तोवरच ती हा भार पेलू शकते. खडीचा थर हा त्या जमिनीवर घातलेल्या छपरासारखा असतो. छप्पर गळू लागले की भिंती फुगतात. त्याचप्रमाणे रस्त्याच्या पोटात पाणी शिरले की त्याचा पाया दुबळा होतो.

आपल्याकडील काळ्या मातीच्या पट्ट्यात हा धोका अधिक असतो. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर पुरेशा जाडीचा मुरमाचा थर न देता केलेला रस्ता एक-दोन पावसाळ्यांतच लाटांसारखा खाली-वर होतो. वरच्या डांबरी थरालाही पाण्याचे वावडे असते. साचलेले पाणी खडी आणि डांबर यांच्यातील बंध सैल करते. वरून चाक गेले की ते पाणी दाबाने भेगेत घुसते, चाक पुढे गेले की बाहेर उसळते. असे दिवसातून हजारो वेळा घडते. प्रथम खडी सुटते, मग खळगा पडतो आणि त्या खळग्यात आणखी पाणी साचून त्याचा खड्डा होतो.

भाराचा परिणामही विसरता येणार नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मोठ्या प्रमाणावर रस्त्यांची चाचणी घेण्यात आली. तिच्यातून असे दिसून आले की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुपटीने वाढत नाही, ती सुमारे सोळापट होते. गळीत हंगामात प्रमाणाबाहेर ऊस भरलेली वाहने आणि कारखान्यांचा माल वाहणारे अवजड ट्रक ज्या रस्त्यावरून जातात, तो रस्ता ओला राहिला तर त्याचे आयुष्य किती उरेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

जंगली महाराज रस्त्याचा धडा

चांगला रस्ता आपल्याकडे होऊ शकत नाही, अशी निराशेची भाषा अनेकदा कानी पडते. तिला उत्तर देणारे उदाहरण शिरवळपासून फार दूर नाही. पुण्यातील जंगली महाराज रस्ता हे ते उदाहरण होय.

१९७३ च्या पावसाळ्यात पुण्यातील रस्त्यांची दुर्दशा झाली होती. मुंबईत याहून अधिक पाऊस पडतो, मग तेथील काही रस्ते कसे टिकतात, असा प्रश्न त्या वेळचे महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी उपस्थित केला. त्यातून मुंबईतील रेकॉन्डो या कंपनीचे नाव पुढे आले. गरम मिश्रणाच्या पद्धतीने डांबरी रस्ता करण्याचे काम कंपनीकडे सोपविण्यात आले. खर्च सुमारे १५ लाख रुपये होता. कामासोबत कंपनीने दहा वर्षांची हमी दिली. १ जानेवारी १९७६ रोजी हा रस्ता पूर्ण झाला. दहा वर्षांची हमी संपल्यानंतरही हा रस्ता सुस्थितीत राहिला आणि पुढे कित्येक दशके खड्डे न पडलेला रस्ता म्हणून त्याची ख्याती झाली. पुणेकरांच्या एका पिढीने हा रस्ता पाहत पाहत आपली मुले मोठी केली.

या उदाहरणातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला. 'खड्डे कोण बुजविणार' असे न विचारता 'दुसरीकडचा रस्ता का टिकतो' असे विचारले गेले. दुसरी, काम करणाऱ्यावर दीर्घ मुदतीची जबाबदारी लेखी टाकण्यात आली. जो दहा वर्षांची हमी देतो, तो खालच्या थरात काटकसर करीत नाही, कारण तेथील काटकसर शेवटी त्याच्याच खिशातून जाणार असते. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दरवर्षी डागडुजी करण्यापेक्षा एकदाच नीट केलेले काम स्वस्त पडते, हे या रस्त्याने प्रत्यक्षात दाखवून दिले. असे असूनही हा नमुना सार्वत्रिक झाला नाही, याचा विचार लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी करावयास हवा.

या रस्त्याच्या कथेचा दुसरा भाग अलीकडचा आहे. शहर वाढले, वाहने अनेक पटींनी वाढली. जंगली महाराज रस्ता आणि त्याला समांतर असलेला फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता हे दोन्ही एकदिशा मार्ग करण्यात आले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये शहरी रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यांनुसार या रस्त्याची फेररचना हाती घेतली. पदपथ रुंद झाले, सायकलींसाठी मार्ग आला, बसण्याच्या जागा झाल्या आणि वाहनांच्या मार्गाला एकसारखी रुंदी देण्यात आली. सत्तरीच्या दशकात या रस्त्याने टिकाऊपणाचा धडा दिला, तर नव्या शतकात जागेच्या वाटणीचा.

किती पाणी वाहते? एक हिशेब

गटार किती मोठे असावे, हे बहुधा शेजारच्या गावातील गटार पाहून किंवा उपलब्ध रकमेवरून ठरविले जाते. वास्तविक याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढेच सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

एक किलोमीटर लांबीचा आणि १२ मीटर रुंदीचा बाजारपेठेतील रस्ता घेऊ. त्याचे क्षेत्रफळ १२,००० चौरस मीटर झाले. दोन्ही बाजूंना १५-१५ मीटर खोलीची घरे व दुकाने आहेत आणि त्यांच्या छपरांचे व अंगणांचे पाणी रस्त्याकडेच येते असे धरले, तर आणखी ३०,००० चौरस मीटरची भर पडते. एकूण क्षेत्र ४२,००० चौरस मीटर. आता अर्ध्या तासात २५ मिलिमीटर पाऊस कोसळला असे समजू. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात असे घडणे काही नवलाचे नाही. पाणी झाले १० लाख ५० हजार लिटर. दहा हजार लिटरचे १०५ टँकर अर्ध्या तासात या रस्त्यावर रिकामे केले, तर जे होईल तेच येथे होणार आहे. छपरे फरशीची व पत्र्याची, रस्ता डांबरी, तेव्हा यातील फारच थोडे पाणी जमिनीत मुरते.

हे पाणी सेकंदाला सुमारे ५८३ लिटर या गतीने रस्त्याच्या खालच्या टोकाशी येते. दोन बाजूंना दोन गटारे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २९० लिटर येतात. सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी वाहिले, तर त्यासाठी ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल असा पाण्याचा प्रवाह सामावला पाहिजे. गुळगुळीत काँक्रीटच्या गटाराला हा वेग मिळण्यास ५०० मीटरमागे सुमारे एक मीटर उतार लागतो. वर मोकळी जागा आणि तळाशी गाळासाठी जागा धरली, तर टोकाजवळ गटाराची खोली ७५ सेंटिमीटरच्या आसपास असावयास हवी. वरच्या टोकाला ते लहान असले तरी चालते. जसजसे पाणी मिळत जाईल तसतसा त्याचा आकार वाढत गेला पाहिजे.

याच्या उलट, आपल्या गावांतून सर्रास आढळणारे ३० सेंटिमीटर रुंद व तेवढेच खोल गटार त्याच उतारावर तुडुंब भरून वाहिले तरी सेकंदाला जेमतेम ६० लिटर पाणी नेते. म्हणजे गरजेच्या एक-पंचमांश. उरलेले चार हिस्से रस्त्यावरून, आणि पुढे दुकानांच्या उंबऱ्यांवरून वाहणार, हे ठरलेलेच आहे. त्यातच ते गटार प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि गाळाने निम्मे भरलेले असले, तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

कमी पावसाच्या प्रदेशाला गटार कशाला?

खंडाळा तालुका सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस येथवर येईतो रोडावतो. त्यामुळे 'आमच्याकडे पाऊसच कमी, मोठी गटारे हवीत कशाला?' असा प्रश्न विचारला जातो. त्यात एक गफलत आहे. गटाराचा आकार वर्षभराच्या पावसावर ठरत नाही. तो एका तासाच्या सर्वांत जोरदार सरीवर ठरतो. कमी पावसाच्या प्रदेशातही ही सर तितकीच तीव्र असू शकते आणि ती क्वचित येत असल्यामुळे लोक बेसावध असतात.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या संदर्भात आठवावी. त्या रात्री पुणे शहराच्या दक्षिण भागात आणि पुणे-सातारा मार्गावरील परिसरात अल्पावधीत प्रचंड पाऊस झाला. आंबिल ओढ्याला पूर आला, वसाहतींच्या भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. खेड-शिवापूर परिसरातही जीवितहानी झाली. ओढ्याची मूळ रुंदी राखली गेली नाही, तर ओढा आपली जागा एका रात्रीत परत मागतो, हा त्या दुर्घटनेचा कटू बोध आहे.

मुंबईचा अनुभवही असाच आहे. तेथील जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाचे गणित मांडून बांधली होती. १९८५ च्या पुरानंतर तिचा अभ्यास झाला आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात ताशी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या व्यवस्थेची शिफारस करण्यात आली. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो लोकांचे प्राण गेले, आणि त्यानंतरच या कामांना गती आली. ९४४ मिलिमीटर पाऊस पेलणारे गटार कोणत्याही शहराला परवडणारे नाही, हे खरे. परंतु ओढे मोकळे, नाले गाळमुक्त आणि मोऱ्या पुरेशा असतील, तर आपत्तीची तीव्रता कमी करता येते.

महामार्गालगतच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंच भरावावरून जाणारा महामार्ग हा पाण्याच्या दृष्टीने एक बांधच असतो. त्याच्या पोटातील मोऱ्या ओढ्याच्या मापाच्या नसतील किंवा बुजल्या असतील, तर पाणी सेवा रस्त्यावर आणि भुयारी मार्गांत साचते. गावातील गटार कितीही चांगले असले तरी पुढील मोरी बंद असेल, तर सारा खर्च वाया जातो. यास्तव ग्रामपंचायत आणि महामार्गाची यंत्रणा यांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मोरीची एकत्र पाहणी करणे आवश्यक आहे.

वाहतूक हाही एक प्रवाहच

पाण्याला जो नियम लागू पडतो, तोच वाहतुकीलाही लागू पडतो. नळ कोठेतरी चेमटलेला असेल तर बाकीची नळी कितीही रुंद असून उपयोग नाही. रस्त्याची वहनक्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरते. काही ठिकाणी रस्ता १२ मीटर रुंद, पुढे पायऱ्या, ओटे, फलक आणि उभ्या वाहनांमुळे तो सहा मीटरच उरतो. मग पुढे पुन्हा तो १२ मीटर झाला तरी कोंडी कायम राहते. सर्व लांबीभर रुंदी एकसारखी राखणे हा वाहतूक सुरळीत करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रस्त्याच्या पुनर्रचनेत पादचाऱ्यांचा विचार प्रथम व्हावा. बाजारपेठेत येणारा प्रत्येक माणूस, तो कोणत्याही वाहनाने आला तरी, शेवटी पायीच चालतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी आणि त्याच्या कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया आणि शाळकरी मुले उंच पदपथ टाळून रस्त्यावरूनच चालतात, हे आपण रोज पाहतो. गटार झाकून त्यावर पदपथ केला, तर एकाच जागेत दोन्ही कामे साधतात. मात्र झाकणे मजबूत, समपातळीत आणि गाळ काढण्यासाठी उचलता येतील अशी असावीत. कायमची पक्की बुजविलेली गटारे तीन-चार वर्षांत निकामी होतात.

एस. टी. बसचा थांबा चौकाच्या अगदी तोंडाशी न ठेवता चौक ओलांडल्यावर पुरेशा अंतरावर ठेवल्यास मागील वाहने अडत नाहीत. माल चढविण्या-उतरविण्याच्या वेळा ठरवून दिल्या, रिक्षा व दुचाकींसाठी जागा आखून दिल्या आणि भाजीविक्रेत्यांना हुसकावून न लावता निश्चित जागा दिली, तर नवा रस्ता न करताही निम्मी कोंडी सुटते.

चौकांचा प्रश्न त्याहून बिकट असतो. सातारा शहरातील पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तेथील कोंडी फोडण्यासाठी जमिनीखालून जाणारा विभाजित मार्ग बांधण्यात आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. प्रत्येक चौकाला एवढा मोठा उपाय लागत नाही, पण त्यामागील तत्त्व सर्वत्र उपयोगी आहे. एकमेकांना छेदणारे प्रवाह वेगळे करणे, हे ते तत्त्व. खंबाटकी घाटातही साताऱ्याकडे जाणारी वाहने घाटातून आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून, अशी विभागणी दीर्घकाळ करण्यात आली, ती याच विचाराने. लहान गावात एखादी समांतर गल्ली एकदिशा करणे किंवा चौकात रंगाने वळणमार्ग आखणे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. जमिनीखालून जाणाऱ्या मार्गांचा प्राण मात्र पाण्याचा निचरा हाच असतो, हे येथेही विसरून चालणार नाही.

पाणी सोडावयाचे कोठे?

गटार बांधले, उतार दिला, पाणी वाहू लागले. पण ते शेवटी जाते कोठे? अनेक अंदाजपत्रकांत या प्रश्नाचे उत्तरच नसते. गटार वस्तीच्या टोकाला उघड्यावर सोडून दिलेले असते आणि तेथे डबके होऊन डासांची पैदास होते. एका गल्लीचे आरोग्य दुसऱ्या गल्लीच्या खर्चाने राखणे हा विकास म्हणता येणार नाही.

शिरवळच्या बाबतीत हे उत्तर नीरा नदीपाशी जाऊन पोहोचते. नीरेच्या प्रवाहात खाली वीर धरण आहे. त्याच्या कालव्यांवर पुढील तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. म्हणून पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवणे हे केवळ स्वच्छतेचे काम नाही, ते खालच्या गावांप्रती आपले कर्तव्य आहे. पावसाचे पाणी ओढ्यात सोडता येते, शोषखड्ड्यांतून जमिनीत मुरविता येते. सांडपाणी मात्र प्रक्रिया केल्यावाचून नदीत जाता कामा नये. पर्जन्यछायेच्या तालुक्यात तर छपरावरील पाणी रस्त्यावर ओतण्याऐवजी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात वळविले, तर गटारावरील भार कमी होतो आणि उन्हाळ्यात त्याचा लाभही मिळतो.

कामाचा योग्य क्रम

गजबजलेल्या रस्त्याची पुनर्बांधणी करताना पुढील क्रम पाळला, तर बहुतेक चुका टळतात.

१. पातळ्यांची मोजणी : सर्वप्रथम रस्ता, घरांची जोती, आडवे रस्ते आणि ओढा यांच्या पातळ्या मोजाव्यात. पाणी कोठून येते व कोठे जाते याचा नकाशा करावा. पहिल्या जोरदार पावसात ज्या जागी पाणी साचते, त्या जागा त्यावर नोंदवाव्यात.

२. निर्गम निश्चिती : पाणी शेवटी कोठे सोडावयाचे ते ठरवून त्या टोकापासून वरच्या दिशेने गटाराचा आराखडा करावा.

३. भूमिगत कामे : पाणीपुरवठ्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, वीज व दूरध्वनीच्या तारा ही सर्व कामे रस्त्यापूर्वी पूर्ण करावीत. पुढे लागणाऱ्या तारांसाठी रस्त्याच्या आरपार रिकामे नळ टाकून ठेवावेत, म्हणजे नवा रस्ता खोदण्याची पाळी येणार नाही.

४. गटारे व मोऱ्या : रस्त्याच्या पायाचे काम सुरू होण्यापूर्वी ती बांधून व्हावीत.

५. जुना थर काढणे : जुन्या रस्त्यावर थरावर थर चढवीत गेल्यास रस्त्याची पातळी जोत्यांच्या वर जाते आणि पाणी घराघरांत शिरते. म्हणून जुना थर खरवडून काढून मगच नवा टाकावा.

६. पाया आणि पृष्ठभाग : मुरूम व खडीचे थर ठरावीक जाडीने, योग्य ओलाव्यावर रुळाने दाबावेत. डांबरी पृष्ठभागाला मध्यापासून कडेकडे साधारणपणे ५० ला १ या प्रमाणात उतार असावा. सात मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्यभाग कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच हवा. या सात सेंटिमीटरवर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते.

७. परीक्षा : काम ताब्यात घेण्यापूर्वी रस्त्यावर टँकरने पाणी ओतून पाहावे. काही वेळाने जेथे पाणी उभे दिसेल, तेथील काम दुरुस्त करून घेतल्यावाचून अंतिम देयक देऊ नये.

लोकांचा सहभाग

चांगला आराखडाही लोकांना विश्वासात न घेता राबविला तर अडचणीत येतो. कोल्हापूर शहरातील एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर हाती घेण्यात आला. परंतु शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलला नागरिकांनी तीव्र विरोध केला, दीर्घ आंदोलन झाले आणि २०१५-१६ मध्ये राज्य शासनाला हा टोल रद्द करावा लागला. रस्ता कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अटींवर होणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच जनतेपुढे यावयास हवे, हा त्याचा बोध आहे.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर हे अधिक सोपे आहे, कारण तेथे ग्रामसभा आहे. अंदाजपत्रक, नकाशा, कामाची मुदत आणि दोष-दायित्वाचा कालावधी दर्शविणारा फलक कामाच्या जागी लावावा. सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये पंचायतीला आहे. तो वापरताना मोठ्या दुकानाचा ओटा आणि गरीब विक्रेत्याची पाटी यांना एकच न्याय लावला, तरच लोक साथ देतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीत पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होता. अशा निधीतून निचऱ्याची कामे आणि अन्य योजनांतून रस्त्याचे काम, असा मेळ घालण्याचे कौशल्य सरपंच व ग्रामसेवकांनी आत्मसात करावयास हवे.

शिक्षकांचे साहाय्य यात मोलाचे ठरेल. सरळ कडांचे एखादे भांडे उघड्यावर ठेवून पट्टीने पाऊस मोजता येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत विद्यार्थ्यांनी रोजच्या नोंदी ठेवल्या, पाणी साचण्याच्या जागा नकाशावर दाखविल्या आणि शाळा सुटण्याच्या वेळी चौकातून जाणाऱ्या वाहनांची गणना केली, तर भूगोल व गणिताचा जिवंत पाठ होईल आणि शाखा अभियंत्याला गावची खरी माहितीही मिळेल. मुलांनी स्वतः मोजलेले पाणी पालकही गंभीरपणे घेतात.

गटार हा विषय भाषणात फारसा येत नाही. त्याचे उद्घाटन होत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही. रस्त्याचे मात्र उद्घाटन होते, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. म्हणूनच गटार मागे पडते आणि रस्ता पुढे जातो. हा क्रम उलटा करण्याचे धैर्य ज्या पंचायती आणि ज्या नगरपालिका दाखवतील, त्यांच्या रस्त्यांवर पुढच्या पावसाळ्यात मुले कोरड्या पायांनी शाळेत जातील, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेल आणि दुकानदाराच्या उंबऱ्यावर पाणी चढणार नाही. जमिनीखाली गेलेल्या पैशाचा हिशेब हाच, आणि तो दरवर्षी पाऊसच तपासतो.